पॅरालीगल : वकील न होता कायद्याचे काम शिकण्याचा मार्ग

आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी कला शाखेची पदवी घेऊन बाहेर पडली की घरात तीन-चारच रस्त्यांची चर्चा होते. स्पर्धा परीक्षा द्यावी, बी.एड. करून शिक्षक व्हावे, बँकेच्या परीक्षेला बसावे, नाही तर एलएल.बी. करून काळा कोट घालावा. पहिल्या तीन रस्त्यांवर किती गर्दी झाली आहे हे आम्ही सांगायला नको. चौथ्या रस्त्यावर पदवीनंतर आणखी तीन वर्षे, मग बार कौन्सिलची परीक्षा, आणि सनद हाती आल्यावरही ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढायची उमेदवारीची वर्षे. ज्या घरात एकाच्या पगारावर सहा माणसे जेवतात तेथे एवढा दम निघत नाही. परिणामी कायद्याची आवड असलेली कितीतरी मुले कायद्याकडे पाठ फिरवतात.

दुसरीकडे आपल्या वस्तीत कायद्याच्या कागदाची गरज मात्र रोजची असते. कोणाला जात वैधता प्रमाणपत्र हवे असते, कोणाची फिर्याद नीट लिहून घेतलेली नसते, कोणाच्या वतनी जमिनीचा फेरफार अडकलेला असतो. यातील प्रत्येक कामाला पहिल्याच दिवशी वकील लागतो असे नाही. पण कागद समजणारा, तो योग्य क्रमाने लावणारा आणि कोणत्या टप्प्यावर वकिलाकडे जायला हवे हे ओळखणारा माणूस मात्र लागतोच. अशा माणसाला इंग्रजी मुलखात पॅरालीगल म्हणतात. हे काम शिकवण्याची रीतसर सोय अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी केली. तेथे काय शिकवतात, कसे शिकवतात आणि त्यातले आपल्याला काय घेता येईल, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

'आमच्याकडे कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणारा अर्जनवीस असतो, वकिलाचा कारकून असतो, मग यात नवीन ते काय?' असे कोणी विचारील. अर्जनवीस सांगितलेला मजकूर ठरावीक साच्यात उतरवून देतो. वकिलाचा कारकून तारखा सांभाळतो, फायली वाहतो, कोर्टाच्या शिरस्तेदाराशी बोलतो. दोघेही अनुभवाने तरबेज होतात, पण त्यांना कोणी शिकवलेले नसते, आणि त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच जाते. पॅरालीगल हा त्यांचाच भाऊबंद असला तरी तो शिकून तयार होतो. मूळ कायदा उघडून वाचणे, निकाल शोधणे, साक्षीदारांची माहिती टिपून घेणे आणि दाव्याचा कच्चा मसुदा करणे ही त्याची कामे. मसुद्यावर सही आणि जबाबदारी मात्र वकिलाची.

अमेरिकेत या पेशाला आकार आला तो १९६० नंतरच्या दशकात. १९६५ पासून तेथे सरकारी खर्चाने गरीब वस्त्यांत कायदेविषयक साहाय्य कार्यालये उघडली. काम डोंगराएवढे आणि वकील मोजके, म्हणून वस्तीतल्याच माणसांना शिकवून हाताशी घेण्यात आले. खासगी वकिलांनाही तो मार्ग सोयीचा वाटला. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संस्थेने १९६८ साली या विषयासाठी समिती नेमली आणि १९७३ साली अभ्यासक्रमांना मान्यता देण्याचे नियम ठरवले. पुढे १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मिसुरी विरुद्ध जेंकिन्स या खटल्यात असा निर्णय दिला की, हरलेल्या बाजूकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलच्या कामाचे मोलही बाजारभावाने धरावे. हा खटला कशाचा होता हे आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. कॅन्सस सिटी शहरातील शाळांत काळ्या मुलांना वेगळे ठेवले जात होते, ते बंद करण्यासाठी लढलेल्या दाव्याची ती फी होती. अशा लढ्यात हजारो कागद तपासणारे, शाळाशाळांची माहिती गोळा करणारे हात कोणाचे होते, याची नोंद त्या निकालाने झाली.

आता कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते पाहू. ही दोन वर्षांची, बहुतांशी सरकारी खर्चाने चालणारी, त्या त्या भागातील लोकांसाठी असलेली कॉलेजे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघालेले कॉलेज यांतील सर्वांत जुने सरकारी कॉलेज मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा कॉलेजांचे जाळे पसरवण्याची शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. शालान्त शिक्षण पुरे केलेल्या कोणालाही येथे दार उघडे असते, गुणांची चाळणी नसते. वर्ग सकाळी, दुपारी, संध्याकाळी असे चालतात, त्यामुळे हॉटेलात काम करणारी, मुले सांभाळणारी, चाळिशी ओलांडलेली माणसेही एका बाकावर दिसतात.

हे वाचताना आपल्याला सिद्धार्थ कॉलेजची आठवण होणे साहजिक आहे. ट्रुमन आयोगाचा अहवाल येण्याच्या एक वर्ष आधी, १९४६ साली, परमपूज्य बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत मुंबईत ते कॉलेज काढले आणि नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळचे ठेवले. पोट भरत भरत शिकणाऱ्याची घडी पाहून कॉलेजने आपली घडी लावावी, ही दृष्टी दोन्हीकडे एकच.

अशा कॉलेजातील पॅरालीगलची पदवी साधारण साठ क्रेडिटची असते. तिला तेथे असोशिएट पदवी म्हणतात. आपल्याकडच्या पदवीपेक्षा ती लहान. पूर्ण वेळ शिकले तर दोन वर्षे, नोकरी सांभाळून शिकले तर तीन-चार. ज्याच्याजवळ आधीच एखादी पदवी आहे त्याला सगळे पुन्हा शिकावे लागत नाही, केवळ कायद्याचे विषय घेऊन प्रमाणपत्र मिळवता येते. बार असोसिएशनची मान्यता हवी असेल तर किमान अठरा क्रेडिट सामान्य विषयांचे आणि किमान अठरा क्रेडिट कायद्याचे असावे लागतात. सामान्य विषय म्हणजे भाषा, इतिहास, गणित वगैरे. कायद्याचे विषय म्हणजे न्यायव्यवस्थेची ओळख, दिवाणी दाव्याची पद्धत, करार, नुकसानभरपाई, कुटुंबविषयक कायदा, मृत्युपत्र व वारसा, स्थावर मालमत्ता, आणि या सर्वांचा कणा असलेले दोन विषय : कायद्याचा शोध व लेखन, आणि व्यवसायाची नीती. यांपैकी या शेवटच्या दोन विषयांवरच आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत. बाकीचे पुस्तक उघडले की समजतात.

कायद्याचे लेखन शिकवताना तेथे चार पायऱ्यांची एक रीत घोटून घेतात : प्रश्न कोणता, त्याला लागू नियम कोणता, तो नियम या घटनेला कसा लागतो, आणि निष्कर्ष काय. उदाहरण घेऊ. कॅलिफोर्नियात एका भाडेकरूने घर सोडले, महिना झाला तरी मालकाने अनामत परत केली नाही आणि काही कळवलेही नाही. प्रश्न असा की, मालकाने मुदत चुकवली काय? नियम असा की, त्या राज्यात घर सोडल्यापासून एकवीस दिवसांत अनामत परत करावी लागते, आणि काही कापून घेतले असेल तर त्याचा हिशेब द्यावा लागतो. तिसरी पायरी खरी मेहनतीची. घर नेमके कोणत्या तारखेला सोडले? किल्ली कोणाच्या हाती दिली? नवा पत्ता मालकाला कळवला होता काय? याचा पुरावा काय? ही उत्तरे जमल्यावरच चौथी पायरी. शिकाऊ मुलगा पहिल्या दिवशी थेट चौथीवर उडी मारतो, 'मालक लबाड आहे' असे लिहून मोकळा होतो. प्राध्यापक तो कागद परत करतात.

ही रीत अमेरिकेची म्हणून तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. आपल्या धम्माच्या इतिहासात तिचा याहून कितीतरी जुना नमुना आहे. उपाली हा शाक्यांचा नाभिक. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा आपला वंशाभिमान गळावा म्हणून त्यांनी भगवंतांना विनंती करून उपालीला आपल्याआधी दीक्षा देवविली. हाच उपाली पुढे विनय जाणणाऱ्यांत अग्रणी ठरला. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली तेव्हा महाकाश्यपांनी विनयाचे प्रश्न विचारले ते उपालीला. त्या प्रश्नांचा क्रम पाहण्यासारखा आहे. हा नियम कोठे घातला गेला? कोणाच्या बाबतीत? कोणत्या गोष्टीवरून? मूळ नियम काय होता, त्याला नंतर जोड कोणती मिळाली? त्यात दोष केव्हा घडतो, आणि केव्हा घडत नाही? स्थळ, व्यक्ती, घटना, नियम, दुरुस्ती, अपवाद असा हा क्रम आहे. आजचा कोणताही पॅरालीगलचा वर्ग याहून वेगळे काही विचारीत नाही. नियमांचा सर्वांत मोठा जाणकार राजपुत्रांमधून न येता वस्तरा धरणाऱ्या हातातून आला, हे आम्ही वेगळे काय सांगावे!

दुसरा विषय नीतीचा. त्यातला पहिला धडा असा की, पॅरालीगलने माहिती द्यावी, सल्ला देऊ नये. अर्ज कोठे मिळतो, मुदत किती दिवसांची, कोणते कागद जोडायचे, ही माहिती झाली. 'तुम्ही तडजोड करू नका, लढा, नक्की जिंकाल' हा सल्ला झाला, आणि तो देण्याचा अधिकार वकिलालाच. पॅरालीगलने कोर्टात उभे राहू नये, फी ठरवू नये, खटला घ्यायचा की नाही हे ठरवू नये. पक्षकाराने सांगितलेली गोष्ट घरी बायकोजवळही बोलू नये. ही सीमा ओलांडणे तेथे अनधिकृत वकिली ठरते. ही सीमा हलूच नये असेही नाही. समाजसुरक्षा खात्याच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या सुनावणीत तेथे वकील नसलेला प्रतिनिधीही बाजू मांडू शकतो. ॲरिझोना राज्याने २०२१ पासून परवानाधारक विधी-सहायकांना ठरावीक प्रकरणांत थेट काम करण्याची मुभा दिली. वॉशिंग्टन राज्याने असाच प्रयोग २०१२ साली मंजूर केला होता, पण २०२० साली तो गुंडाळण्याचे ठरवले. वाद तेथेही चालूच आहे. वकिलांना आपली शेती जाईल अशी भीती, आणि गरिबांना वकील परवडत नाही हे सत्य. दोन्ही गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

अभ्यासक्रमाच्या शेवटी काही महिने एखाद्या वकिलाच्या कचेरीत, न्यायालयात किंवा गरिबांच्या साहाय्य केंद्रात उमेदवारी करावी लागते. अनेकांना पहिली नोकरी तेथूनच मिळते. पगाराचे म्हणाल तर अमेरिकी कामगार खात्याच्या आकड्यांनुसार २०२३ साली पॅरालीगलचा मध्यम वार्षिक पगार सुमारे ६१ हजार डॉलर होता, म्हणजे वकिलाच्या निम्म्याहूनही कमी. पण तेथे वकील होण्यास पदवीनंतर तीन वर्षांचे लॉ स्कूल आणि डोक्यावर मोठे कर्ज लागते, हे हिशेबात धरले पाहिजे.

आपल्यापैकी काहींची मुले-सुना तिकडे आहेत, म्हणून दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. भारतातील एलएल.बी. तेथे वकिलीसाठी थेट चालत नाही. मधल्या काळात कायद्याशी संबंध ठेवायचा असेल तर कम्युनिटी कॉलेजचे प्रमाणपत्र हा कमी खर्चाचा मार्ग आहे. दुसरी गोष्ट सावधगिरीची. पॅरालीगलचे वर्ग नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांतूनही भरत आले आहेत. कोरिंथियन ही अशा कॉलेजांची मोठी साखळी २०१५ साली बंद पडली आणि लाखो विद्यार्थ्यांची कर्जे सरकारला २०२२ साली माफ करावी लागली. तेव्हा जाहिरात पाहून नाव घालू नये. सरकारी कॉलेज आहे काय, बार असोसिएशनची मान्यता आहे काय, हे आधी पाहावे. मान्यता ऐच्छिक असली तरी नोकरी देणारा ती विचारतो. कॅलिफोर्नियात तर २००१ पासून ठरावीक शिक्षण किंवा अनुभव असल्याशिवाय स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेताच येत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे पॅरालीगल हा अजून पेशा झालेला नाही, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे, नाही तर विद्यार्थी उगाच आशा धरतील. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार सनदधारकालाच. विनासनद वकिली केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. एखाद्या प्रकरणापुरती वकील नसलेल्या माणसास परवानगी देणे न्यायालयाच्या मर्जीवर असते. मात्र वकिलीच्या अलीकडचे जे मोठे मैदान आहे, ते कायद्याने आपल्यासाठी मोकळे ठेवलेले आहे.

१९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ही एक ओळ आपल्या प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहून ठेवण्यासारखी आहे. याच व्यवस्थेत २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी स्वयंसेवक, ही योजना आणली. लिहिता-वाचता येणारी, शक्यतो दहावी झालेली कोणतीही सेवाभावी व्यक्ती त्यात निवडली जाऊ शकते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, इतकेच काय, चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाधीन बंदीही. निवड झालेल्यांना प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळते. काम केलेल्या दिवसाचे मानधन मिळते, पगार नव्हे. २०१३ साली हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतही असे स्वयंसेवक नेमण्यास सांगितले.

रीतसर अभ्यास करायचा असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने बारावी उत्तीर्णांसाठी पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका सुरू केली. घरबसल्या नोकरी सांभाळून ती करता येते. कम्युनिटी कॉलेजची कल्पनाही आपल्याकडे आली आहे. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली पहिले असे कॉलेज काढले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून योजना आखली. पण तेथे भर पडला तो यंत्रदुरुस्ती, संगणक, शिवणकाम अशा विषयांवर. कायद्याच्या साहाय्यकाचा अभ्यासक्रम आपल्या भागातील एखाद्या कॉलेजने घेतला तर त्याला विद्यार्थी कमी पडणार नाहीत, असे आमचे मत आहे.

शिकून करायचे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, गावच्या रस्त्यावर आपल्या एका बांधवाला जातीवरून शिवीगाळ झाली. तो संतापलेला, घरचे घाबरलेले. पोलीस ठाण्यात गेल्यावर तो सांगतो, 'मला जातीवरून बोलले, माझा अपमान केला.' फिर्यादीत तेवढेच उतरते. पुढे दोन वर्षांनी कोर्टात प्रकरण कोसळते आणि लोक म्हणतात, कायदा निकामी आहे. आता उपालीची रीत लावा. कोठे घडले? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमात अशा अपमानाचा गुन्हा होण्यासाठी तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी घडावा लागतो. २०२० सालच्या हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागत नाही असे ठरवले. म्हणून रस्ता, चौक, दुकान, ओटा जे काय असेल ते नावानिशी आले पाहिजे, आणि तेथे कोण कोण हजर होते तेही. कोणी केले? आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसावा लागतो, म्हणून तोही उल्लेख हवा. तो फिर्यादीला किंवा त्याच्या घरच्यांना आधीपासून ओळखत होता काय? ओळखत असेल तर, २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, त्याला जात ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. काय घडले? नेमके शब्द कोणते, ते जसेच्या तसे, कितीही घाणेरडे असले तरी. आणि जे घडले नाही ते एक अक्षरही घालायचे नाही. आमच्या मते शिकलेल्या सहायकाची परीक्षा येथेच होते, कारण चिडलेला माणूस भर घालतो आणि एका खोट्या वाक्याने दहा खरी वाक्ये बुडतात.

पुढचे टप्पेही ठाऊक हवेत. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत मोफत मिळते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १७३ प्रमाणे हद्द आपली नाही म्हणून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद परत पाठवता येत नाही. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे. अत्याचार प्रकरणाचा तपास उपअधीक्षकाच्या हुद्द्याखालील अधिकाऱ्याने करायचा नसतो. गुन्हा नोंदला गेला, आरोपपत्र दाखल झाले, शिक्षा झाली, अशा टप्प्यांवर पीडिताला अर्थसाहाय्य मिळते, त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र लागते. यात वकिली कोठेच नाही. पण एवढे सांभाळले तर सरकारी वकिलाच्या हाती भक्कम फाइल जाते.

जातीच्या प्रमाणपत्राचा विषय निघालाच आहे, तर त्यातली आपली खास अडचण सांगितली पाहिजे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडिलधाऱ्यांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर अभिमानाने 'बौद्ध' लिहिले. राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, केंद्राने मात्र १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना सामावून घेतले. आता पडताळणीच्या वेळी नुसते 'बौद्ध' पुरेसे होत नाही. दीक्षेपूर्वीची मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातील रहिवास यांचा पुरावा विचारला जातो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, जुना महसुली उतारा. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. (मोडी शिकणे म्हणजे इतिहासवेड्यांचा छंद, असे समजणाऱ्यांनी एकदा पडताळणी समितीच्या दारात उभे राहून पाहावे.) प्रवेशाची यादी लागल्यावर धावाधाव सुरू होते आणि मुलाचे वर्ष जाते. अकरावीतच वंशावळ मांडून, प्रत्येक पिढीचा एक कागद जमवून ठेवणे हे अगदी पॅरालीगलचे काम आहे.

तसेच वतनी जमिनीचे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने, म्हणजे महार वतनेही, संपली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्यात आल्या. अशा जमिनीची विक्री शासनाच्या परवानगीशिवाय होत नाही. पण शिक्का मारलेल्या कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन व्यवहार झाल्याच्या कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. सातबारा, जुने फेरफार आणि परत दिल्याचा आदेश हे तीन कागद तारखेच्या क्रमाने लावले तर पुढचे वकिलाला अर्ध्या तासात सांगता येते. कागद नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा, उत्तराची मुदत तीस दिवस.

बँकेत काम करताना आम्हाला रोज दिसणारा एक गैरसमजही येथे सांगून टाकतो. खात्यावर नॉमिनी म्हणून नाव आहे म्हणजे पैसे आपलेच, असे लोक धरून चालतात. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालकी वारसांची. कंपनीच्या शेअरबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले. दोन भावांतले निम्मे तंटे एवढे आधी कळले तर पेटणारच नाहीत.

कागदाचे महत्त्व बाबासाहेबांइतके कोणी जाणले नसेल. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याबाबत सनातन्यांनी दिवाणी दावा लावला, तळे खासगी आहे आणि वहिवाट पूर्वापार आहे असे म्हटले. मनाई हुकूम आला म्हणून सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. तो दावा साक्षी-पुराव्यांनिशी दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि पूर्वापार वहिवाट शाबीत झाली नाही. रस्त्यावरच्या हजारोंइतकेच त्या दप्तरांनीही काम केले.

आमच्या संस्थेने काय करावे याबद्दल एक सूचना मांडतो. दर रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास एक टेबल मांडावे. दोन तरुण, त्यांत एक मुलगी असावीच, कारण स्त्रिया आपल्या गोष्टी मुलांजवळ बोलत नाहीत. एक नोंदवही : तारीख, नाव, काम, कोणते कागद दाखवले, कोठे पाठवले. मूळ कागद ठेवून घेऊ नयेत, झेरॉक्स घ्यावी. पैसे घेऊ नयेत. सल्ला देऊ नये. सल्ल्याची वेळ आली की मोफत वकिलासाठी अर्ज भरून द्यावा. अशा केंद्रांना विधी सेवा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांत 'विधी सेवा चिकित्सालय' म्हणून जागा आहे, तेव्हा ते अधिकृतही करून घेता येईल.

इच्छुक विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या सचिवांकडे चौकशी करावी. स्वयंसेवकांच्या निवडीची सूचना तेथल्या फलकावर लागते. जाताना दहावीचे प्रमाणपत्र, रहिवासाचा पुरावा आणि दोन छायाचित्रे बरोबर ठेवावीत. दूरध्वनीवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक मोफत आहे.